जहाजव्यापाराचें शिक्षण आणि कचेरीची गरज

समुद्र म्हटला कीं आमच्या पांढरपेशा घरांत अद्यापि डोळ्यांपुढें येतो तो गलबतावरील खलाशी, किंवा फार तर पांढऱ्या गणवेशांतील कप्तान. परंतु एक जहाज चालावें म्हणून किनाऱ्यावरील कचेऱ्यांत किती लेखण्या चालतात, इकडे आमचें लक्ष फारसें जात नाहीं. जहाज भाड्यानें ठरविणें, मालाचीं कागदपत्रें करणें, विमा उतरविणें, हा सारा जहाजव्यापार होय. आणि तो शिकविणारे वर्ग आपल्याकडे आहेत. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी २००८ सालीं स्थापन झाली. मुलाच्या अगर मुलीच्या फीसाठीं ठेव मोडण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एवढें विचारावें कीं, वर्गांत जें शिकवितात तेंच कचेरींत लागतें काय?

जहाजावर चढणाऱ्यांपुरता हा प्रश्न पुष्कळसा सुटलेला आहे. १९७८ च्या एस. टी. सी. डब्ल्यू. या आंतरराष्ट्रीय करारानें, व त्याच्या २०१० सालच्या मनिला येथील दुरुस्तीनें, कोणत्या हुद्द्याला काय करतां आलें पाहिजे हें ठरवून दिलें आहे. किनाऱ्यावरील व्यापारी नोकरांसाठीं असा करार नाहीं. म्हणून अभ्यासक्रम एकीकडे व मालकाची गरज दुसरीकडे, असें होण्यास वाव राहतो.

एक हिशेब पाहूं. ५०,००० टन कोळसा रोज १०,००० टनांप्रमाणें उतरवावयाचा ठरला. मुदत ५ दिवसांची. करारांत रविवार वगळला असेल, तर मुदत मोजतांना तो धरूं नये. परंतु मुदत संपून डेमरेज सुरू झालें कीं, करारांत निराळें लिहिलेलें नसल्यास, रविवारचेंही द्यावें लागतें. दर दिवसाला १५,००० डॉलर धरला, तर डेमरेजची व्याख्या पाठ असलेला पदवीधरही एका रविवारांत तेवढ्या रकमेची चूक करूं शकतो. मालकाला हवा असतो तो करार बारकाईनें वाचणारा आणि चार ओळींचें निःसंदिग्ध पत्र लिहिणारा माणूस.

मग केवळ कचेरीचें वळण पुरे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९५६ सालीं ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेंतील नेवार्कहून ह्यूस्टनला गेलें, आणि पुढें गोण्या मोजण्याची जुनी विद्या मागें पडली. कायदा व अर्थशास्त्र यांचा पाया ज्यांचा पक्का, त्यांनाच असा पालट झेपतो.

पालघर जिल्ह्यांत वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्यें झाली. तेथील समुद्रावर व जमिनीवर ज्यांचें पोट आहे अशा स्थानिकांचा विरोध विसरतां येत नाहीं. पण नोकऱ्यांचीं स्वप्नें घरोघर रंगणार हेंही खरें. तेव्हां प्रवेशापूर्वीं संस्थेस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: विद्यार्थी किती महिने प्रत्यक्ष कचेरींत बसतो? शिकविणारांत धंदा केलेले किती? आणि गेल्या वर्षींचे विद्यार्थी आज कोठें, कोणत्या कामावर आहेत? उत्तर मोघम आलें, तर ठेव मोडण्याची घाई करूं नये.