पालावरचं वादळ

पुरीच्या किनाऱ्यापासून गोंदिया सरळ रेषेत सहाशे किलोमीटर आत. तरीही बंगालच्या उपसागरातले पावसाळी कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इथवर येतात. समुद्र सुटला की वादळाची वाफेची रसद तुटते आणि वारा ढिला पडतो. पाऊस मात्र उरतो. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा पट्ट्यात तो बहुधा नैर्ऋत्येच्या बाजूला जास्त कोसळतो.

पक्क्या घरात हा नुसता झडीचा पाऊस. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबाला त्याचं गणित वेगळं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण चार किलोंचा रेटा. ६० ला सतराचा. शिवाय वरून सरकणारा वारा ताडपत्री वर ओढतो. भिजलेल्या मातीत खुंट्यांची पकड आधीच सैल झालेली असते, म्हणून दोर तुटण्याआधी खुंटीच उपटते. खुंटी पालाच्या उलट दिशेला कलती ठोकावी ती याचसाठी.

पाण्याचं वजन तर लक्षातच येत नाही. ताडपत्रीच्या एक चौरस मीटर झोळात दहा सेंटिमीटर पाणी साचलं, की डोक्यावर शंभर किलो! काठीने झोळ वर ढकलून ते वेळीच सांडावं लागतं.

विजेपुढे मात्र पाल कुचकामीच. गडगडाट ऐकू आला की जवळची शाळा, समाजमंदिर किंवा बंद काचांची गाडी गाठावी. झाडाखाली जाऊ नये.