काडीकिड्यांचं बिऱ्हाड

काडीकिडा पाळायचा तर आधी पेटीची उंची बघावी. लांबी-रुंदी जेमतेम असली तरी भागतं, पण उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवीच. कारण हा प्राणी मोठा होतो तो उलटं लटकून. कात टाकताना त्याला जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर यायचं असतं. खाली पुरेशी जागा नसली तर नवं मऊ अंग दुमडतं, तसंच वाळतं, आणि असा किडा सहसा जगत नाही. एवढी एक गोष्ट सांभाळली की निम्मं काम झालं.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. मुलीच्या वर्गात हे किडे पाळलेले होते आणि त्यांचा वंश वाढत चालला होता, म्हणून बाईंनी ज्याला हवीत त्याला पिल्लं दिली. इथल्या शाळांमध्ये ही जुनीच पद्धत आहे. माझं कुतूहल वाढलं ते किड्याचं मूळ गाव कळल्यावर. शास्त्रीय नाव कॅरॉसियस मोरोसस, आणि मूळ ठिकाण तमिळनाडूत, पळणीच्या डोंगरांत, कोडाईकनालजवळचं शेंबागनूर. 1901 साली सिनेती या फ्रेंच अभ्यासकानं त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हापासून तो युरोपभरच्या प्रयोगशाळांत आणि वर्गांत आहे. ब्रिटनमध्ये काडीकिड्यांच्या अभ्यासकांचं एक मंडळ 1980 पासून चालतं. त्यांच्या यादीत पहिला क्रमांक याच आपल्या दाक्षिणात्य किड्याचा. कोडाईकनालच्या थंड हवेतला जीव इथल्या दिवाणखान्यात वेगळी ऊब न देताही मजेत राहतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

खाणं सोपं आहे. आयव्हीचा वेल, प्रिव्हेटची कुंपणं, काटेरी ब्लॅकबेरी, गुलाब, यांपैकी काहीही चालतं. हिवाळ्यात इथली झाडं बोडकी होतात तेव्हाही आयव्ही हिरवी असते, म्हणून वर्षभराची सोय होते. मात्र रस्त्याकडेचा किंवा फुलवाल्याकडचा पाला आणू नये. त्यावर औषध मारलेलं असू शकतं आणि किड्यासाठी ते विषच. फांद्या पाण्याच्या बरणीत उभ्या कराव्यात आणि बरणीचं तोंड कापसानं घट्ट बुजवावं, नाहीतर पिल्लं आत पडून बुडतात. अगदी लहान पिल्लांना ब्लॅकबेरीची राठ, काटेरी कड कुरतडता येत नाही. त्यांच्यासाठी पानाची कड कात्रीनं कापून द्यायची, मग ती त्या ताज्या कापावरून खायला सुरुवात करतात. प्यायला वाटी लागत नाही. संध्याकाळी पानांवर पाण्याचा हलका फवारा मारला की थेंबांना तोंड लावून पितात. हवा मात्र खेळती हवी, नाहीतर बुरशी धरते.

दिवसा बघण्यासारखं काही नसतं. माझी आई सांगलीहून आली होती. तिनं पेटीत डोकावून विचारलं, "अगं, किडे कुठायत? नुसत्या काड्याच दिसतायत." नात म्हणाली, "आजी, तू बघतेयस तोच किडा आहे." पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणून तो दांडीसारखा पडून राहतो, उचलला तरी हलत नाही. चिमटीत धरून ओढू मात्र नये. पाय सुटून हातात येतो. लहान वयात असं झालं तर पुढच्या कातींबरोबर पाय पुन्हा फुटतो, आधी आखूड आणि मग हळूहळू मोठा. मिशी तुटली तर कधीकधी तिच्या जागी चक्क पाय उगवतो! हात पुढे धरला आणि मागून हलकेच फुंकर घातली की तो आपणहून तळव्यावर चढतो.

चढताना नीट बघावं. पुढचा पाय हवेत फिरवत तो आधार चाचपतो, सापडला की पकडतो, आणि मागचा पाय नेमका त्याच ठिकाणाच्या आसपास येऊन टेकतो. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात होल्क क्रूझे यांनी अनेक वर्षं या चालीचाच अभ्यास केला. प्रत्येक पायाचं नियंत्रण बरंचसं स्वतंत्र असतं आणि शेजारचे पाय एकमेकांना इशारे देतात, असं त्यातून दिसलं. सहा पायांचे यंत्रमानव चालवायला हे ज्ञान कामी आलं.

पण खरा सोहळा कात टाकण्याचा. आदल्या दिवसापासून किडा खाणं सोडतो आणि झाकणाच्या जाळीला मागच्या पायांनी लटकतो. रात्री कधीतरी छातीच्या पाठीवर कातडी उकलते. त्या फटीतून आधी पाठीचा फिकट हिरवा फुगवटा दिसतो, मग वाकवलेलं डोकं. त्यानंतर मिशा आणि पाय जुन्या नळ्यांतून इंचाइंचानं सुटत येतात. कोरड्या हवेत पाय अडकतो तो इथेच, म्हणून त्या दिवसांत फवारा चुकवायचा नाही. अंग खाली ओघळत राहतं आणि शेवटी किडा पोटाच्या टोकानं तेवढा कातीला टांगलेला असतो. मग तो वळतो, मोकळे झालेले पाय वर नेऊन स्वतःचीच कात धरतो आणि टोक सोडवून घेतो. ज्या अंगातून तो बाहेर आला, त्याहून तो आता उघड उघड लांब आहे. या वेळी पेटीला हात लावायचा नाही, उजेडही बेताचा. अंग घट्ट झालं की तो कात खाऊन टाकतो. पूर्ण वाढ होईपर्यंत पाच-सहा वेळा हे घडतं आणि सेंटिमीटरभराचं पिल्लू आठ-दहा सेंटिमीटरचं होतं. शेवटच्या कातीनंतर पुढच्या पायांच्या मुळाशी आतून लाल रंग दिसला की समजायचं, वाढ झाली.

आणि मग अंडी. या जातीत नर क्वचितच आढळतो. मादी एकटीच पिढ्यामागून पिढ्या चालवते. याला जीवशास्त्रात अनिषेकजनन म्हणतात. ती अंडी कुठे चिकटवत नाही, आहे तिथून खाली सोडते. रात्री घर निजलं की कागदावर टप् टप् आवाज येतो. दोनेक मिलिमीटरचं तपकिरी अंडं, एका टोकाला पिवळट गाठ. बी म्हणूनच खपेल. काही महिन्यांनी टोकाचं झाकण उघडतं आणि त्या एवढ्याशा टरफलातून त्याच्या कितीतरी पट लांब, लांबच लांब पायांचं पिल्लू बाहेर येतं.

एक मादी वर्षभराच्या आयुष्यात काही शे अंडी घालते. नर लागत नसल्यानं बाहेर गेलेलं एक अंडंही वसाहतीला पुरतं. दक्षिण आफ्रिकेत आणि कॅलिफोर्नियात हा किडा असाच पसरला आहे. तेव्हा जेवढी पिल्लं सांभाळता येतील तेवढीच अंडी ठेवा. पेटीतला कागद बदलताना तो तसाच बागेत किंवा कचऱ्यात टाकू नका. आधी फ्रीझरमध्ये ठेवून उरलेली अंडी पूर्ण गोठवा, मगच टाका.