धनु राशीतला अमोनिया

चार्ल्स टाउन्स १९६७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात दाखल झाले, तेव्हा पन्नाशी उलटलेली होती, नोबेल पदरात होतं आणि डोक्यात एक जुना बेत होता. आकाशात अमोनिया शोधायचा. तिथल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो ऐकला आणि हे व्हायचं नाही, असं त्यांना सांगून टाकलं.

त्यांचं गणित काही कच्चं नव्हतं. ताऱ्यांमधल्या पोकळीत घनसेंटिमीटरला सरासरी एखादाच अणू. तिथे दोन अणूंची गाठ पडायची मारामार, मग चौघं जमून अमोनियाचा रेणू कधी बनायचा? बनलाच तर ताऱ्यांचे अतिनील किरण शंभरेक वर्षांत त्याचे तुकडे करणार. आणि यातून जो वाचेल त्याला धक्का देऊन जागं करायला शेजारी कोणी नाही, म्हणजे तो रेडिओ लहरी तरी कशाच्या जोरावर सोडणार? तोवर सापडलेले रेणूही याच मताला दुजोरा देत होते. दुर्बिणीतल्या वर्णपटात कार्बन-हायड्रोजन, कार्बन-नायट्रोजन अशा जोड्या दिसल्या होत्या, १९६३ मध्ये रेडिओवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी मिळाली होती. सगळे दोन अणूंचे संसार. त्याहून मोठं कुटुंब तिथे टिकणार नाही, हे जवळपास ठरल्यासारखंच होतं.

टाउन्सना अशा ठाम मतांची सवय होती. कोलंबिया विद्यापीठात ते मेझर, म्हणजे रेणूंकरवी सूक्ष्मलहरींचा जोर वाढवणारं यंत्र, बनवत होते तेव्हा नोबेल मिळालेले इसिडोर राबी आणि पुढे ते मिळणारे पॉलिकार्प कुश, दोघं त्यांच्या खोलीवर आले आणि हा खर्च थांबवा, यातून काही निघणार नाही, असं बजावून गेले. टाउन्स हटले नाहीत. त्यानंतर थोड्याच काळात, एप्रिल १९५४ मध्ये, जेम्स गॉर्डन हा त्यांचा विद्यार्थी भर वर्गात यंत्र चालल्याची बातमी घेऊन आला.

त्या यंत्रात अमोनियाच होता. या रेणूत हायड्रोजनचे तीन अणू एका पातळीत बसतात आणि नायट्रोजन त्यांच्या डोक्यावर. वाऱ्याने छत्री उलटावी तसा नायट्रोजन तिघांच्या मधून पलीकडे जातो, परत येतो, सेकंदाला सुमारे २४ अब्ज वेळा. या उलटापालटीतून निघणाऱ्या लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटर. टाउन्सनी तिच्यात उमेदीची वर्षं घातली होती. आकाशात ती शोधता येईल, हे त्यांनी १९५५ मधल्या एका परिषदेतच मांडलं होतं. मधली बारा-तेरा वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

बर्कलीत जॅक वेल्च यांनी मात्र होकार दिला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॅट क्रीक वेधशाळेत त्यांची सहा मीटर व्यासाची नवी तबकडी होती. आकार लहान, पण पृष्ठभाग गुळगुळीत, आणि इथे तेच महत्त्वाचं. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या ४५ मीटरच्या, पण तारांच्या जाळीच्या. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी भिंतीसारखी वाटते. सव्वा सेंटिमीटरची लहर मात्र तिच्या भोकांएवढीच, ती सरळ आरपार जाईल.

टाउन्सच्या गटाने ग्राहक यंत्र सिद्ध केलं आणि १९६८ मध्ये तबकडी धनु राशीकडे, आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका वायूच्या ढगाकडे वळली. हॅट क्रीक बरंच उत्तरेला आहे. तिथून धनु रास दक्षिण क्षितिजाला धरूनच चालते, फार तर वीस-एकवीस अंश वर येते. म्हणजे दिवसाकाठी हाताशी मोजके तास, तेही जाड वातावरणातून बघायचं. यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपुढे आकाशातला संदेश नगण्य. म्हणून थोडा वेळ ढगाकडे, थोडा वेळ शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे रोखायचं, वजाबाकी करायची आणि अशा वजाबाक्यांची बेरीज करत राहायचं. ॲल च्युंग, डेव्हिड रँक आणि थॉर्नटन हे या कामातले इतर साथीदार. बेरीज वाढत गेली तसा सपाट रेषेत एक उंचवटा उमटला. एकच उंचवटा असता तर शंकेला जागा होती. पण अमोनियाच्या उलटापालटीच्या एकाहून अधिक वारंवारता असतात, आणि दुसरा उंचवटाही अपेक्षित जागी मिळाला. डिसेंबरमध्ये शोधनिबंध छापून आला.

मग गणित कुठे चुकलं? माझ्या मते ‘सरासरी’ या शब्दात. अमोनियाला बोलतं करायला घनसेंटिमीटरला किमान हजारभर रेणू लागतात. आपल्या हवेच्या तुलनेत ही निव्वळ पोकळीच, पण सरासरीच्या मानाने भरगच्च वस्ती. आंतरतारकीय वायू सारखा पसरलेला नाही, तो जागोजागी साकळलेला आहे, आणि जिथे साकळतो तिथे धूळही दाटते. वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम एक टक्का, कण मायक्रॉनहून बारीक, पण त्या आडोशाने अतिनील किरण बाहेरच अडतात. शिवाय हायड्रोजनचे अणू या कणांवर येऊन चिकटतात, भटकत एकमेकांना भेटतात आणि जोडी बनून उडून जातात. जुळताना सुटणारी जास्तीची ऊर्जा कण पचवतो. ढगाच्या गाभ्यातल्या कणांवर बर्फाचा थर चढतो, त्यात पाणी, अमोनिया, मिथेनॉल. विश्वकिरण तेवढे आतपर्यंत घुसतात, अणू-रेणूंना विद्युतभार देतात आणि कडाक्याच्या थंडीतही रसायन चालू राहतं.

अमोनियानंतर गटाने ग्राहक यंत्र किंचित फिरवलं आणि पाण्याच्या रेणूची १.३५ सेंटिमीटरची लहर शोधायला घेतली. ती नुसती मिळाली नाही, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघातून आणि डब्ल्यू-४९ या स्रोतातून ती अशी जोरात आली की वजाबाक्यांच्या लांबलचक बेरजेची गरजच उरली नाही. पुढच्या वेधांत तिची तीव्रता काही आठवड्यांत बदलतानाही दिसली. एवढा जोर उष्णतेने येणं शक्यच नव्हतं. एका रेणूने सोडलेली लहर दुसऱ्याला तशीच लहर सोडायला लावते, अशी साखळी तिथे चालली होती. म्हणजे मेझरच! ज्याचा नाद सोडा म्हणून टाउन्सना बजावलं गेलं होतं, तो आकाशात यंत्राविना आपोआप चालू होता, आणि योग्य लांबीवर कान लावणाऱ्या कोणालाही तो आधीच ऐकू आला असता.

पाठोपाठ मार्च १९६९ मध्ये ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीला फॉर्मल्डिहाइड सापडलं. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना मृगातल्या ढगात कार्बन मोनॉक्साइड मिळाला आणि मुका राहणारा थंड हायड्रोजन कुठे दडलाय ते त्याच्या मागावरून नकाशावर मांडता येऊ लागलं. आज रेणूंची यादी तीनशेच्या पुढे गेली आहे. अमोनिया कामातून गेलेला नाही: त्याच्या दोन उंचवट्यांचं गुणोत्तर काढलं की ढगाचं तापमान कळतं, आणि जिथे तारे जन्माला यायचे आहेत त्या काळ्या गाभ्यांत ते निरपेक्ष शून्याच्या वर फक्त दहाएक अंश भरतं.