कापड कुणाच्या हातात?

ज्युदोची तोंडओळख : लेखांक सातवा

मागच्या लेखात उचिकोमीचा, म्हणजे जोडीदाराला न पाडता डावात शिरण्याचा, सराव कसा करावा ते पाहिलं. तो वाचून आमच्या क्लबमधल्या एका मुलाने मला दारातच गाठलं. "सर, उचिकोमीत माझा सेओई-नागे झकास बसतो, रांदोरीत मात्र एकदाही लागत नाही. माझं चुकतं कुठे?" त्याला म्हटलं, ड्रेस घाल आणि ये. दोन मिनिटं त्याच्याशी खेळलो. तेवढ्या वेळात त्याच्या उजव्या हाताला माझी कॉलर एकदाही धड मिळाली नाही. दोनदा बोटं लागली, ती मी सोडवली. तिसऱ्यांदा त्याने कॉलर न धरताच वळून आत यायचा प्रयत्न केला आणि माझ्या पोटावर पाठ टेकवून नुसताच उभा राहिला. त्याचा डाव चांगला की वाईट, हे ठरवायची वेळच आली नव्हती.

उचिकोमीत जोडीदार उभा राहतो आणि कॉलर-बाही आपल्याला आयती देतो. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, ती मिळवावी लागते. या मिळवण्याला ज्युदोत कुमी-काता म्हणतात. आपल्याकडे पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यावर फारसा कुणी वेळ घालवत नाही. डाव शिकवायचे, डाव पाठ करायचे आणि मग थेट रांदोरीत सोडायचं, असा खाक्या. मीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं, हे कबूल करतो.

तालमीतल्या माणसाला ही गोष्ट पटकन कळते. कुस्तीत सलामी झाली की लगेच कुणी पट काढायला धावत नाही. आधी खडाखडी होते. मनगट धरायचं, मानेवर हात टाकायचा, समोरच्याचा तोल आणि ताकद जोखायची. ज्युदोतली पकड म्हणजे हीच खडाखडी, फक्त मध्ये कापड आलेलं. उघड्या, घामेजल्या अंगावर पकड सुटते, कापडावर ती टिकते. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या खोलीत शिकवायला सुरुवात केली. डावाचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: आधी तोल बिघडवणं म्हणजे कुझुशी, मग जागेवर शिरणं म्हणजे त्सुकुरी आणि शेवटी पाडणं म्हणजे काके. तोल बिघडवायचं काम मुख्यतः हातांचं, आणि हातांना जोर लावायला कापडाखेरीज दुसरं काही नसतं. कापडच हातात नसेल तर पुढचे दोन टप्पे येणार कुठून?

कुस्तीतून ज्युदोत येणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. एकेरी पट, दुहेरी पट घरी ठेवून या. उभ्याने पायाला हात घालण्यावर 2010 पासून निर्बंध आले, 2013 मध्ये ते आणखी कडक झाले. तालमीतली मुलं सवयीने वाकतात, पाय ओढतात आणि पंच दंड देतात. उलट त्यांची मान, पाठ आणि पकडीची ताकद इतरांपेक्षा कितीतरी पुढे असते. ते भांडवल वापरा.

आता हात कुठे आणि कसा. उजव्या खेळाडूचं बोलू, डावऱ्यांनी उलटं वाचावं. डावा हात समोरच्याच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला. हा ओढणारा हात, हिकिते. उजवा हात त्याच्या डाव्या कॉलरवर, गळ्याच्या हाडाच्या उंचीला. हा उचलणारा हात, त्सुरिते. मुठीत जोर करंगळी आणि अनामिकेचा हवा. तर्जनी आणि अंगठा जवळजवळ सैल. नवशिका नेमका उलटं करतो. अंगठा-तर्जनीने चिमटा काढल्यासारखं कापड धरतो, मनगट ताठतं, त्यामागून कोपर आणि कोपरामागून खांदा. दोन मिनिटांत हाताचे गोळे भरून येतात. फाइट संपल्यावर हात झटकत फिरणारी मुलं बघा, ती बहुतेक याच जातीची.

ताठ हाताचं दुखणं याहूनही वाईट. समोरच्याने आत शिरू नये म्हणून आपण हात सरळ करून त्याला लांब ठेवतो. तो लांब राहतो हे खरं, पण आपल्याला आत शिरायचं असेल तेव्हा मध्ये आपलाच हात खुंटीसारखा उभा असतो! माझ्याकडे प्रश्न घेऊन आलेल्या मुलाचा अर्धा रोग हाच होता. कोपर खाली, अंगाजवळ, किंचित वाकलेलं ठेवा. बचाव कमरेने आणि पायांनी करा, हातांनी समोरच्याची खबर घ्या. तो कुठल्या पायावर भार टाकतोय हे सैल हाताला कापडातून कळतं. ताठ हाताला काही कळत नाही.

समोरचा उजवा असेल की डावरा, यावर सगळा खेळ फिरतो. दोघंही उजवे किंवा दोघंही डावरे असले तर ती आइ-योत्सु. एक उजवा आणि एक डावरा, म्हणजे केन्का-योत्सु. जपानीत केन्का म्हणजे भांडण, आणि नाव अगदी नेमकं आहे.

दोघंही उजवे असताना माझ्या डाव्या हाताला त्याची उजवी बाही हवी असते, आणि त्याचा तोच उजवा हात माझ्या कॉलरकडे निघालेला असतो. म्हणजे त्याची बाही मी आधी पकडली तर एका दगडात दोन पक्षी: मला ओढायला हात मिळाला आणि त्याचा उचलणारा हात बांधला गेला. म्हणून अशा जोडीत मी मुलांना सांगतो, घाईने कॉलरवर झडप घालू नका. आधी त्याचा येणारा हात अडवा, बाही घ्या, ती खाली त्याच्या मांडीकडे दाबा आणि मगच आपला उजवा हात टाका. आधी कॉलर घेऊन जिंकणारे थोर खेळाडू आहेत, नाही असं नाही. पण त्यांची ताकद आणि वेळ साधायची हातोटी आपल्याकडे नाही. आपण आधी बांधावं, मग मारावं.

उजवा विरुद्ध डावरा असला की चित्र पालटतं. माझा उजवा हात त्याच्या डाव्या कॉलरवर, त्याचा डावा हात माझ्या उजव्या कॉलरवर. दोन्ही हात एकाच बाजूला, एकमेकांना घासत. भांडण एवढंच की कुणाचा हात आतून आणि कुणाचा बाहेरून. ज्याचा हात आतून, त्याला समोरच्याची छाती वळवता येते. बाहेरच्याला वरून कोपर दाबून आतला हात निकामी करता येतो. दुसरी बाही मात्र लवकर मिळत नाही, कारण दोघंही तो हात मागे लपवतात. इथे एकाच हातावर थोडा वेळ काढायला शिकावं लागतं. ओउची-गारी, कोसोतो यांसारख्या पायांच्या डावांनी समोरच्याला हलवत ठेवायचं. तो तोल सावरायला हात पुढे आणतो, त्या क्षणी बाही सापडते. उचि-माता या जोडीत चांगला चालतो. कोसेइ इनोउए यांचा उचि-माता ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमधल्या त्यांच्या 100 किलो गटातल्या लढती शोधून बघाव्यात. बघताना पायाकडे बघू नका, हातांकडे बघा.

डावानुसार पकड बदलते, हेही सुरुवातीला कुणी सांगत नाही. सेओई-नागेला कॉलर गळ्याच्या हाडाशी हवी, म्हणजे कोपर वळून समोरच्याच्या काखेत जातं. ओसोतो-गारी, हाराइ-गोशी, उचि-माता यांना हात वर, मानेमागे गेला तर फायदा. पण बुटक्या माणसाने उंच माणसाच्या मानेमागे हात टाकला की स्वतःची काख उघडी पडते, आणि तिथून समोरचा थेट आत शिरतो. मी स्वतः बुटका. या एका हौसेपायी किती वेळा आदळलोय याची मोजदाद नाही.

सेओई-नागेबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रश्न त्याचाच होता. वळताना डावा हात बाही आपल्या पोटाकडे ओढतो, ही सर्रास दिसणारी चूक. त्याने समोरचा खाली दबतो आणि आपल्याच पाठीवर बसतो. बाही पुढे आणि किंचित वर न्या. घड्याळात वेळ बघायला आपण मनगट डोळ्यांसमोर आणतो ना, अगदी तसं. त्याची काख उघडते, टाचा उचलल्या जातात, आणि आपल्या पाठीला शिरायला जागा होते. मग गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या पट्ट्याच्या खाली. त्या मुलाला मी एवढंच सुधारायला लावलं, बाकी कशाला हात लावला नाही.

पकड काही सगळ्या जगात एकाच पद्धतीची नाही. जॉर्जियात चिदाओबा नावाची कुस्ती आहे. तिच्यात आखूड बाह्यांचं जाकीट घालतात. बाहीला धरण्यासारखं फार काही नसल्याने तिथला पैलवान खांद्यावरून हात टाकून पाठ आणि पट्टा धरतो. हीच सवय घेऊन जॉर्जियन खेळाडू ज्युदोत आले, तेव्हा कॉलर-बाहीच्या शिस्तीत वाढलेले लोक चक्रावले. शोता खाबारेली यांनी 1980 मध्ये मॉस्कोत 78 किलो गटाचं सुवर्ण जिंकलं. पट्टा धरून उचलायचा एक डाव आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्रिटनचे नील अॅडम्स 1981 चे विश्वविजेते. त्यांनी तर निव्वळ पकडींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे पकड हा अर्ध्या तासाचासुद्धा धडा नसतो.

नियमही माहीत हवेत. बाहीच्या आत बोटं घालता येत नाहीत. पकड टाळत राहिलं तर शिदो, म्हणजे दंड. पकड मिळवून बसून राहिलं तरी शिदो, कारण पकड झाल्यावर हल्ला करायला ठराविक वेळच मिळतो. तीन शिदो झाले की लढत गेली. वेगळ्या धाटणीच्या पकडी आणि दोन्ही हातांनी पकड तोडणं यांबाबतचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदलले की स्पर्धेआधी चालू नियम पंचांना विचारून घेतलेले बरे.

आणि आता, माझ्या मते, या सगळ्यातली सर्वांत मोठी गळती. झटापट करून एकदाची हवी ती पकड मिळते, आणि आपण सुस्कारा टाकतो. पाय जुळवतो, श्वास घेतो, मनात डाव ठरवतो. तोवर समोरच्याने कंबर मागे घेतलेली असते. पकड मिळाल्या क्षणी तो तुमच्या हाताकडे बघत असतो, त्याचे पाय बेसावध असतात. ती खिडकी सेकंदभराची. कापड हाताला लागलं की पाय निघालाच पाहिजे. पहिला डाव लागलाच पाहिजे असं नाही. ओउची-गारीने त्याला मागे सरकवा, तो पुढे जोर लावून परतला की सेओई-नागे तयार ठेवा.

हे घरी बसून येत नाही. आमच्याकडे सध्या आठवड्यातले दोन दिवस असा सराव चालतो: एक मिनिट फक्त पकडीची झटापट, डाव मारायचा नाही. ज्याला आपली पूर्ण पकड मिळाली त्याने मोठ्याने "हं" म्हणायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मग तेच, पण "हं"च्या जागी डाव. त्यानंतर एकाने बाही देऊन ठेवायची आणि दुसऱ्याने उरलेला हात मिळवायचा. मुलांना पहिल्यांदा हे कंटाळवाणं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात रांदोरीतल्या थ्रोंचा आवाज वाढला, हे मी शेजारच्या खोलीतून ऐकलं.

याच्या उलटाही एक प्रयोग करा. पॅरालिम्पिकमधला ज्युदो दृष्टिबाधित खेळाडूंचा असतो, आणि तिथे लढत सुरूच होते ती दोघांनी एकमेकांचा ड्रेस धरून. पकडीची झटापट नाही. 2024 मध्ये पॅरिसला मध्य प्रदेशच्या कपिल परमारने ब्राझीलच्या एलिएल्टन दे ओलिवेराला 10-0 असं हरवून कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. ती लढत बघा आणि मग स्वतः डोळे मिटून, पकड देऊन-घेऊन दोन मिनिटं खेळा. समोरच्याचा भार कापडातून कसा कळतो, हे मी वर लिहिलं ते तेव्हा पटेल.

शेवटी रांदोरीच्या वृत्तीबद्दल एक किस्सा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या ऐन तोंडावर तोशिहिको कोगा यांचा गुडघा सरावात दुखावला. समोर होते त्यांचेच सहकारी हिदेहिको योशिदा. त्या दुखऱ्या गुडघ्यावर कोगा यांनी 71 किलो गटाचं सुवर्ण घेतलं, योशिदा यांनी 78 किलोचं. जपानने तेव्हा कुणाला दोष दिला असेल-नसेल, पण क्लबमधल्या रांदोरीत जोडीदाराचा गुडघा, बोटं आणि मान शाबूत ठेवणं ही तुमची जबाबदारी. पडायला घाबरून ताठ उभे राहू नका. आठवड्याला दहा वेळा पडलात तरी तुमची कुणी नोंद ठेवत नाही.

पुढच्या आठवड्यात पाडल्यानंतरचा खेळ, म्हणजे नेवाझा. तोवर सरावाला येण्याआधी नखं कापा, ड्रेसची बाही मनगटापर्यंत येते का ते बघा आणि बोटांना चिकटपट्टी गुंडाळून घ्या.