आग फुलांसाठी, बियांसाठी नव्हे

ऑस्ट्रेलियातली ग्रासट्री (शास्त्रीय नाव झँथोरिया) धड गवतही नाही आणि धड झाडही नाही. काळपट खोडावर लांब, चिवट पात्यांचा झुबका, असे तिचे रूप. वणव्यानंतर ती भरभरून फुलते. त्यावरून तिचे बी आगीशिवाय रुजतच नाही, असा समज झाला आहे. मग हौशी माणसे बी भाजतात, धुरी देतात. त्याची गरज नसते.

आगीचा संबंध फुलोऱ्याशी आहे. वणव्यात सुटणारा एथिलीन (फळे पिकवणारा वायू) पुष्पदंड (फुलांचा उभा दांडा) यायला चालना देतो. आपल्याकडे संत्र्याच्या बागेला पाणी तोडून ताण देतात, तो बहार धरण्यासाठी. संत्र्याची बी पेरताना ताण कोण देतो?

बोंडातले काळे बी ताजे असले की सहज रुजते. वाळूमिश्रित माती घ्यावी, बियांवर जेमतेम काही मिलिमीटर थर द्यावा. ओल हवी, पण पाणी साचू नये. काही आठवड्यांनी हिरव्या दोऱ्यासारखे एकच पाते वर येते. तण समजून ते उपटू नका.

खरी कसोटी पुढे आहे. खोड वर दिसायलाच कित्येक वर्षे लागतात आणि नंतरही ते वर्षाला साधारण 1 ते 2 सेंटीमीटरच वाढते. मीटरभर खोडाची ग्रासट्री दिसली, तर तिचे वय 50च्या पुढे धरायला हरकत नाही.