सायकलवरून शेतभेट आणि प्रादेशिक अन्नाची चव : बोईसर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कृषी पर्यटन ही संज्ञा महाराष्ट्रात आता नवी राहिलेली नाही. २००५ च्या सुमारास बारामती परिसरात पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने या कल्पनेला संघटित रूप मिळू लागले आणि २०२० मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण आखले. इटलीने यासंबंधीचा कायदा १९८५ मध्येच केला होता. मात्र आपल्याकडील कृषी पर्यटनाचे रूढ चित्र एकाच ठिकाणी केंद्रित झालेले आहे. मोटारीने आलेले शहरी कुटुंब, एका केंद्रावरील मुक्काम, चुलीवरचे जेवण आणि बैलगाडीची फेरी असे त्याचे स्वरूप असते. याहून भिन्न प्रकार म्हणजे सायकलने एका दिवसात चार-पाच शेतांवर थांबत जाणे आणि प्रत्येक ठिकाणी तेथे पिकलेले थोडे थोडे चाखणे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ‘टूर डी फार्म्स’ या नावाने अशा सफरी भरविल्या गेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या प्रकाराचा विचार पालघर जिल्ह्यातील बोईसर परिसरापुरता केला आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे व औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या गावाची यासाठी निवड करणे विचित्र वाटेल. परंतु या विषयातील अडचणीचे प्रश्न तेथेच स्पष्टपणे समोर येतात.

अंतर आणि ताट

सायकलचा पहिला गुण तिच्या मर्यादेत आहे. थांबत, खात, बोलत जाणारा सामान्य सायकलस्वार दिवसाला फार तर ३० ते ४० किलोमीटर अंतर कापतो. या मर्यादेमुळे ताटात काय असावे हे आपोआप ठरते.

पालघर जिल्ह्याची ख्याती असलेले पदार्थ या कसोटीवर तपासून पाहण्यासारखे आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला व वाडा कोलम तांदळाला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. घोलवड येथे चिकूची लागवड १८९८ मध्ये झाल्याचे फलोद्यानविषयक ग्रंथांत नमूद केले जाते. बोर्डीच्या चिकू महोत्सवात पाहुण्यांना प्रत्यक्ष बागांमध्ये नेण्याची प्रथाही पडली. परंतु घोलवड बोईसरपासून डहाणूच्याही पलीकडे आहे आणि वाडा तर त्याहून दूर, पूर्वेकडे. बोईसरहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्याच्या वाटेवर हे दोन्ही येत नाहीत. ते टेम्पोने आणून ‘स्थानिक’ म्हणून वाढल्यास सायकल केवळ शोभेची ठरते.

मग उरते ते बोईसरचे स्वतःचे, मानांकन नसलेले अन्न, आणि ते मुळीच थोडके नाही. पश्चिमेस चिंचणी-तारापूरच्या बाजूला किनाऱ्यालगत नारळ, केळी व भाजीपाल्याच्या वाड्या आहेत. उत्तरेस वाणगाव परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. थंडीच्या दिवसांत या पट्ट्यात उकडहंडी लावली जाते. मातीच्या हंडीत पाल्याचा थर देऊन त्यावर वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी रचावयाची, तोंड पाल्याने बंद करावयाचे आणि पाणी न घालता बाहेरून जाळ द्यावयाचा, अशी तिची कृती आहे. गुजरातेतील उंबाडियूची ही सख्खी बहीण होय. सायकल सफरीस तिच्याइतका अनुकूल पदार्थ दुसरा नसावा, कारण ती शिजण्यास लागणारा वेळ शेत पाहण्यात सहज जातो. उन्हाळ्यात ताडगोळे असतात आणि पहाटे निघणाऱ्यास नीरा मिळू शकते. उशिरा निघणाऱ्याला ती आंबलेलीच मिळणार.

पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी पाड्यांवर ताट बदलते. तांदळाची वा नागलीची भाकरी, कुरडू, टाकळा आणि पहिल्या पावसाच्या सुमारास उगवणारे शेवळे. शेवळ्याची खाज मोडण्यासाठी काकडाची आंबट फळे घालावी लागतात, हे ज्ञान पाककृतीच्या पुस्तकापेक्षा पाड्यावरील स्त्रियांकडे अधिक अचूक असते. नेमके याच वेळी रस्ते चिखलाने भरतात, ही या सफरीची कायमची गैरसोय आहे.

पाण्याचा प्रश्न

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही माहितीपत्रकात शोभेल. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, आणि ते देशातील सर्वाधिक होते. वसाहतीच्या कडेच्या शेतात उभे राहून भाजी चाखणाऱ्याने ती कोणत्या पाण्यावर वाढली असे विचारले, तर तो प्रश्न उद्धटपणाचा मानता येणार नाही. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी, विहीर, कूपनलिका की नाला, याचे उत्तर प्रत्येक थांब्यावर देता आले पाहिजे. शेतकऱ्यावर हे ओझे टाकणे अन्यायाचे आहे, कारण पाणी त्याने बिघडवलेले नाही. म्हणून विहिरीच्या पाण्याची व मातीची तपासणी सफर आखणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करून घेणे इष्ट ठरेल. परिसरातील महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग यात साहाय्य करू शकतील. ज्या शेताचा अहवाल प्रतिकूल येईल ते चाखण्याच्या थांब्यांतून वगळावे, पण मार्गातून वगळू नये. तेथे थांबून काहीही न खाता पुढे जाणे हाही सफरीचा भाग होऊ शकतो.

सायकल आणि मोबदला

बोईसरमध्ये सायकल हे मुळात हौसेचे वाहन नव्हे. पाड्यांतून कारखान्यांच्या पाळीला जाणाऱ्या मजुराचे ते वाहन आहे. बोईसर-चिल्हार रस्त्यावरील अवजड वाहतुकीतून तो ज्या धोक्याने जातो, त्याच धोक्यामुळे सफरीसाठी हा रस्ता टाळावा लागतो. पाहुण्याला आडवाट निवडता येते, मजुराला बहुधा येत नाही.

मोबदल्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. वाडीचा मालक आणि वाडीत राबणारा मजूर अनेकदा दोन निरनिराळ्या समाजांतील असतात. एकाच केंद्रावर पैसे भरले गेले तर ते मालकाकडे जातात. रानभाजी आणणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला फार तर दिवसाची मजुरी येते. अनेक थांब्यांच्या सफरीत मात्र पाड्यावरील घर हाही स्वतंत्र थांबा होऊ शकतो आणि त्याचे पैसे तेथेच, त्याच हातात देता येतात. यासाठी ‘चव’ पाहुणचार म्हणून फुकट मागितली जाऊ नये. आदिवासी घर पाहुण्याकडे जेवणाचे पैसे मागण्यास संकोचते, म्हणून दर आधीच ठरवून तो निघण्यापूर्वी सर्वांना सांगितलेला बरा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या वाढवण बंदरामुळे किनारपट्टीवरील जमिनीचा भाव आणि उपयोग यांवर ताण वाढणार, हे उघड आहे. चिंचणीकडील वाडीच्या मालकापुढे तेव्हा विक्रीची किंमत असेल. पायथ्याच्या पाड्यावर एका सकाळी दहा जणांनी खाल्लेल्या भाकरी-भाजीचे पैसे असतील.