सदोष नाणें : परीक्षेस पाठवावें कीं पेटींतच ठेवावें?

दोष निघाला म्हणजे वस्तूची किंमत उतरावयाची, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम होय. पातेल्याला पोचा पडला कीं तें मोडींत जातें. लुगड्याला डाग दिसला कीं दुकानदार मुकाट्यानें भाव कमी करतो. नाण्यांच्या बाबतींत मात्र हा नियम उलटा झालेला दिसतो. टांकसाळींतून चुकून सुटलेलें सदोष नाणें निर्दोष नाण्याच्या शेंकडों पटींनीं महाग विकलें जातें. त्यामुळें आजोबांच्या पेटींत असें एखादें नाणें सांपडलें कीं घरांत कुजबूज सुरू होते. त्याची तज्ज्ञांकडून परीक्षा करवून प्रत ठरवून घ्यावी, असें तरुण मंडळी म्हणतात. वडील मंडळींस तो खर्च व्यर्थ वाटतो. या वादाचा निर्णय उत्साहानें न करतां हिशेबानें करावा हें बरें.

प्रथम दोष म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत १९५५ सालीं एका सेंटचा ठसा तयार होत असतां मूळ आकृति त्यावर किंचित् फिरून दोनदां उमटली. त्या ठशानें पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर साल व अक्षरें स्पष्टपणें दुहेरी दिसतात. चूक ध्यानांत आली तेव्हां यांपैकीं वीस हजारांहून अधिक नाणीं इतर नाण्यांत मिसळून गेलीं होतीं. तीं निवडीत बसण्यापेक्षां जाऊं देणें अधिकाऱ्यांना सोयीचें वाटलें. त्यांतलीं कित्येक सिगारेटच्या पाकिटांतून, सुटी मोड म्हणून, लोकांच्या हातीं पडलीं. आज त्यांतलें एक चांगलें नाणें हजार डॉलरांच्या पुढें जातें. परंतु त्याच सालचीं आणखीहि कांहीं नाणीं आहेत, कीं ज्यांचा ठसा झिजल्यामुळें सालांतील शेवटचा आंकडा दुहेरी भासतो. त्यांना असा भाव नाहीं. डोळ्यांना दोन्ही सारखींच. किंमतींत मात्र जमीनअस्मानाचें अंतर! परीक्षकाची गरज उत्पन्न होते ती येथें.

हे परीक्षक तीन गोष्टी पाहतात : नाणें अस्सल आहे काय, त्याची स्थिति कशी आहे, आणि दोष टांकसाळींतला आहे काय. स्थितीसाठीं १ ते ७० अशा अंकांची श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यानें १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या सेंटकरितां ती सुचविली. पुढें ती सर्वच नाण्यांना लागूं झाली. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकन संस्था १९८६-८७ च्या सुमारास निघाल्या. परीक्षा झाल्यावर नाणें त्या पारदर्शक डबींत कायमचें बंद करून देतात. दोषाचा प्रकार चिठ्ठीवर नोंदवून हवा असल्यास त्याची फी निराळी.

आतां घरच्या घरीं करावयाची परीक्षा. हातोडीनें चेपलेलें, आम्लांत बुडालेलें, किंवा माळेंत ओंवण्यासाठीं ज्याला नाकें डाखलें आहे असें नाणें टांकसाळींत बिघडलेलें नसून आपल्याच घरांत बिघडलेलें असतें. त्याला दोषाचा मान मिळत नाहीं. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. लक्ष्मीपूजनाच्या निमित्तानें चिंचेनें, राखेनें अगर रांगोळीनें रुपये लखलखीत करण्याची आपली रीत आहे. पूजेच्या दृष्टीनें ती योग्यच. पण घांसलेल्या नाण्याला परीक्षक सामान्यतः अंक देत नाहींत, ‘घांसलेलें’ असा शेरा मारतात, आणि किंमत एकदम घसरते. तेव्हां ज्याविषयीं शंका असेल तें नाणें धुऊं सुद्धां नये.

यानंतर हिशेब. येथें पुष्कळांची फसगत होते. नाण्याची दर्शनी किंमत एक रुपया आणि परीक्षेनंतरची पांच हजार, म्हणजे नफा चार हजार नऊशें नव्याण्णव, असें ते मानतात. वास्तविक तुलना करावयाची ती परीक्षेवांचून आज काय येईल आणि परीक्षेनंतर काय येईल, या दोन रकमांची. समजा, जाणता व्यापारी आजच तीन हजार देतो आणि परीक्षेनंतर पांच हजार येतील. पण फी, टपाल, विमा मिळून अडीच हजार खर्च होतो. मग पांचशांचा तोटाच पदरीं आला.

कायद्याचा विचारहि सुटतां कामा नये. आपल्याकडील प्रसिद्ध उदाहरण १९११ च्या रुपयाचें. पंचम जॉर्जच्या झग्यावरील मानचिन्हांतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला व ओरड झाली. मुंबई व कलकत्ता येथें पाडलेल्या सुमारें ९४ लक्ष रुपयांपैकीं केवळ ७ लक्षांच्या आसपास बाहेर गेले, बाकीचे वितळविण्यांत आले, आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. हा दोष टांकसाळीच्या हातचा नसून नक्षीचा; तरी संग्राहकांना तो रुपया हवा असतो. पण १९७२ च्या पुरावस्तूंसंबंधींच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षें झालेलें नाणें ही पुरावस्तु ठरते, आणि ती परदेशीं पाठविण्याचा अधिकार खासगी गृहस्थाला नाहीं. तेव्हां हा रुपया टपालानें अमेरिकेस धाडणें हा गुन्हाच होय. त्याची पारख देशांतच करवावी. तसेंच, “तुमचें नाणें लाखाला घेतों, आधीं कर भरा” असें सांगणाऱ्यांपासून दूर राहावें. आपल्या नांवानें असे पैसे उकळले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं जाहीरपणें दिलेला आहे.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत नाजूक आहे. नाणें कोणाचें? वडिलोपार्जित असेल तर त्यावर सर्व भावाबहिणींचा हक्क. काकूंनीं माहेराहून आणलेलें असेल तर तें त्यांचें स्त्रीधन, आणि त्याचा निर्णय त्यांचाच. जोंपर्यंत किंमत ठाऊक नसते तोंपर्यंत नाणें देव्हाऱ्यांत सुखानें नांदतें. आंकडा ठरला कीं त्याचे वांटे पडूं लागतात. डबीवरच्या एका अंकापायीं भावाभावांत अबोला धरला जावा, इतकें मोठें नाणें कोणत्याहि टांकसाळींत पडलेलें नाहीं. म्हणून पाठविण्यापूर्वीं सर्वांना विचारावें, खर्च कोणी करावयाचा व पुढें विकावयाचें कीं नाहीं तें आधींच लिहून ठेवावें.

तात्पर्य, दोष टांकसाळींतला असल्याबद्दल जाणत्याची खात्री पटली, नाणें न घांसलेलें असलें, खर्च जाऊन उरणारी रक्कम भरीव असली आणि घरच्यांचें एकमत असलें, तर खुशाल परीक्षा करवावी. यांतली एकहि गोष्ट उणी असेल तर थांबावें. आणि विकावयाचेंच नसेल, तर कागदाच्या पुडींत तें कोरडें ठेवून वर एवढेंच लिहावें, कीं हें कोणाचें, केव्हां व कसें घरांत आलें. पुढच्या पिढीला तेवढा दाखला पुष्कळ झाला.